छायाचित्रांचा विक्रय आणि सचोटी

बुलढाणें जिल्ह्यांतील अनेक तरुणांच्या हातीं आज उत्तम कॅमेरा आहे; पुढ्यांत लोणारचें सरोवर व सिंदखेडराजाचा जाधवरावांचा वाडा आहे. तरीहि इंटरनेटवर मांडलेलें आपलें चित्र वाखाणलें जातें पण विकलें जात नाहीं, अशी त्यांची तक्रार आम्ही ऐकतों. याचीं कारणें दैवांत नसून बहुधा व्यवहारांत असतात.

छापील चित्रें घरोघर नेण्याचा मोठा उद्योग राजा रविवर्मा यांनीं केला. त्यांचा शिळाछापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती सामान्य गृहस्थाच्या भिंतीवर आल्या, कारण त्या त्याला परवडणाऱ्या व त्याच्या घरांत शोभणाऱ्या होत्या. ग्राहक चित्र घेतो तें भिंतीसाठीं, हें पहिलें सूत्र होय. म्हणून शंभर चित्रांची रास न मांडतां एकाच विषयाचीं दहाबारा निवडक चित्रें मांडावीं, व तीं भिंतीवर केवढीं दिसतील हें दाखवावें.

दुसरें सूत्र छपाईचें. जवळून पाहावयाच्या चित्रास दर इंचीं ३०० बिंदु असावेत, असा संकेत आहे. त्या हिशोबानें १२ इंच रुंद व १८ इंच लांब प्रतीस सुमारें १ कोटि ९४ लक्ष बिंदु लागतात. शिवाय पडदा स्वतः प्रकाशतो, कागद प्रकाशत नाहीं. त्यामुळें छापलेली प्रत काळवंडलेली भासते. यास्तव नमुनाप्रत पाहिल्यावांचून चित्र विक्रीस काढूं नये. किंमत ठरवितांना कागद, टपाल व दलाली हीं सर्व धरावीं.

तिसरें सूत्र नांवाचें. ग्राहक शब्दांनींच शोध घेतो. ‘रम्य सायंकाळ’ हें चित्र लाखोंत हरवेल. ‘दैत्यसूदन मंदिर, लोणार’ हें परगांवीं राहणाऱ्या वऱ्हाडी माणसास सांपडेल. स्थळ, महिना व वर्ष अवश्य लिहावें. १९५७ च्या कायद्यान्वयें छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातींत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो; तेव्हां पूर्ण आकाराची मूळ प्रत कोणासहि फुकट देऊं नये.

शेवटचें सूत्र सत्याचें. जून २०२० मध्यें लोणारचें पाणी गुलाबी झालें. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळें तसें घडल्याचें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें दाखविलें. पुढें तो रंग ओसरला. आज हिरव्या पाण्यास यंत्रावर गुलाबी रंग चढवून तें खरें म्हणून विकणें ही फसवणूक होय. तसेंच पंचवीसच प्रती काढूं म्हटल्यावर सव्विसावी काढूं नये. ग्राहकानें आपणांस पाहिलेलें नसतें. त्याच्यापाशीं आपला शब्द तेवढा असतो.

घरांतील वडील मंडळींनींहि या उद्योगास रिकामपणाचा छंद म्हणून हिणवूं नये. मुलास जमाखर्चाची वही घालून द्यावी, व पहिली प्रत पुरे मोल देऊन आपल्याच दिवाणखान्यांत लावावी.