शहागड ते औट्रम घाट : डोंगरी सायकल आणि तिची वाट

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग जेथे गोदावरी ओलांडतो, तेथे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील शहागड हे गाव आहे. नदीच्या दक्षिणेला बीड जिल्ह्यातील गेवराईचा मुलूख, उत्तरेला काळ्या मातीचा सपाट पट्टा, आणि वरच्या अंगाला पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर, ज्याची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर, ही या भागातील शेतकऱ्याला तोंडपाठ असते. शहागड त्या पातळीच्याही खाली आहे. हाच महामार्ग उत्तरेकडे पाचोड, आडूळ, छत्रपती संभाजीनगर, वेरूळ आणि कन्नड ही गावे घेत अजिंठा-सातमाळा रांगेच्या कडेपर्यंत चढतो आणि औट्रम घाटाने खानदेशात उतरतो. वाटेत खुलताबादहून थोडी वाट वाकडी केली, तर १०६७ मीटर उंचीचे म्हैसमाळ लागते. डोंगरासाठी घडवलेली सायकल कशी काम करते हे पारखण्यास मराठवाड्यात याहून चांगली वाट सापडणार नाही, कारण नदीकाठची चिकण जमीन, मुरमाड माळ, बेसाल्टचे टप्पे आणि पावसाळ्यात हिरवागार होणारा घाटमाथा या एकाच प्रवासात एकामागून एक येतात आणि यंत्राच्या प्रत्येक भागाची परीक्षा घेतात.

या यंत्राचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील मरिन परगण्यात झाला. तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली माउंट टॅमलपायस परिसरातील मातीच्या उतारांवरून सोडत असत, आणि ऑक्टोबर १९७६ पासून त्यांच्या शर्यती रीतसर वेळ मोजून होऊ लागल्या. पायडल उलटे दाबून लागणारा मागचा ब्रेक त्या उतारावर इतका तापे की हबमधील ग्रीस जळून जाई आणि ते नव्याने भरावे लागे. या खटपटीतूनच जो ब्रीझ याने १९७७ मध्ये डोंगरासाठी मुद्दाम आखलेली चौकट बनवली. पुढे टॉम रिची, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकण्यास आरंभ केला, तर १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड या कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ मोठ्या संख्येने बाजारात आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलिंगला स्थान मिळाले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत मात्र या सायकलीचे रूप आधी आले आणि गुण पुष्कळ उशिरा: सरळ हँडल आणि जाड टायर दिसला की त्या सायकलीला ‘रेंजर’ म्हणण्याची रीत पडली, पण त्यांपैकी बहुतेकींना गिअर नव्हते, आणि गिअरविना डोंगरी सायकल ही केवळ जड सायकल असते.

म्हणून गिअरचा विचार प्रथम करावा लागतो. पायडलजवळच्या मोठ्या दातेरी चकतीतून साखळी मागच्या चाकावरील लहान चकतीकडे जाते, आणि या दोन चकत्यांच्या दात्यांचे गुणोत्तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल ते ठरवते. दूधवाल्याच्या किंवा पोस्टमनच्या साध्या सायकलीत पुढे ४८ आणि मागे १८ दाते धरले, तर २८ इंची चाकाच्या हिशेबाने एका फेऱ्यात सुमारे ६ मीटर अंतर कापले जाते. आजच्या डोंगरी सायकलीत पुढे ३२ दात्यांची एकच चकती आणि मागे लहानमोठ्या अनेक चकत्यांची उतरंड असते, जिच्यातील सर्वांत मोठी पुष्कळदा ५० किंवा ५१ दात्यांची असते. २९ इंची चाकावर हा सर्वांत खालचा गिअर एका फेऱ्यात साधारण दीड मीटरच पुढे नेतो. याचा अर्थ घाटात पाहिल्यावर कळतो. ताशी सहा किलोमीटर, म्हणजे मिनिटाला शंभर मीटर, एवढ्या संथ गतीने चढणाऱ्याला साध्या सायकलीवर मिनिटाला जेमतेम सतरा फेरे मारावे लागतात आणि प्रत्येक फेऱ्याला उभे राहून सारे वजन पायडलवर टाकावे लागते. तीच गती डोंगरी सायकलीवर मिनिटाला अडुसष्ट हलक्या फेऱ्यांनी, सीटवर बसून राखता येते. एकूण काम तेवढेच राहते, पण दर फेऱ्याचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि माणसाचा गुडघा थोड्या मोठ्या धक्क्यांपेक्षा अनेक लहान धक्के अधिक सहज सोसतो. साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा जो लोंबता भाग मागच्या चाकापाशी असतो, त्याला डिरेलर म्हणतात. सारी सायकल त्याच्या नेमकेपणावर चालते आणि दगडाचा पहिला मार बहुधा त्यालाच बसतो.

शहागड परिसरात मात्र परीक्षा चढाची नसून मातीची असते. गोदाकाठच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते, जे पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसून जमिनीला भेगा पाडते. आषाढात या मातीतील पाणंद रस्त्यावर, म्हणजे दोन शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेवर, सायकल घातली की काही अंतरातच टायरच्या गुंड्यांमधील खाचा भरून जातात, चाकावर चिखलाचा दुसरा टायर चढतो, त्यात उसाचे पाचट आणि गवताच्या काड्या गुंततात, आणि सीटखालच्या दोन नळ्यांमधील जागा चोंदली की मागचे चाक जागीच बसते. मडगार्ड असेल तर ही अवस्था आणखी लवकर येते. विरळ आणि उंच गुंड्यांचे टायर चिखल थोडाफार झटकून टाकतात. तरी खरे सांगायचे तर भर पावसात काळ्या मातीवर चालेल अशी सायकल अजून झालेली नाही, आणि जाणत्याने त्या दिवसांत पाणंद सोडून मुरमाची किंवा डांबरी वाट धरावी. जायकवाडीचा डावा कालवा शहागडच्या उत्तरेकडून जातो, आणि पाणी वाहते ठेवण्यापुरताच उतार असलेल्या कालव्याच्या कडेची वाट, जेथे तिच्यावर मुरूम असेल तेथे, या सपाट टप्प्यासाठी महामार्गाच्या रहदारीपेक्षा पुष्कळच सुखाची असते.

चिखलानंतरचा शत्रू म्हणजे काटा. वेडी बाभूळ आणि सराटे यांच्या या मुलखात ट्यूब पंक्चर होणे ही नित्याची बाब आहे, आणि म्हणून ट्यूबविरहित टायर येथे चैन ठरत नाही. अशा टायरमध्ये रबराच्या चिकाचे पातळ द्रावण घातलेले असते, जे काट्याने पडलेल्या छिद्रातून बाहेर येताना गोठून ते बुजवते. ट्यूब चिमटून फुटण्याचे भय नसल्याने हवाही कमी ठेवता येते, आणि कमी हवेचा रुंद टायर खड्यावर उडण्याऐवजी त्याला कवेत घेऊन पुढे जातो. त्यामानाने ज्या गोष्टीवर दुकानात सर्वाधिक भर दिला जातो ती शॉकअपची जोडी, विशेषतः स्वस्त सायकलीतील मागची, या वाटेवर फारशी कामाची नाही, कारण चढावर पायाचा जोर तिच्या स्प्रिंगमध्ये जिरतो आणि वजन विनाकारण वाढते. पुढे एक चांगला शॉकअप, मागे कठीण चौकट आणि उरलेला पैसा ब्रेकवर, ही मांडणी मराठवाड्याच्या डोंगराला पुरेशी आहे.

छत्रपती संभाजीनगरपुढे दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढू लागले की दख्खनच्या पठाराची बांधणी स्पष्ट होते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हारसाच्या थरांतून हा बेसाल्ट बनला असून कठीण थरांचे कडे आणि मऊ थरांचे उतार यांमुळे डोंगराला पायऱ्यांचे रूप आले आहे. त्यामुळे चढ एकसारखा नसतो. तीव्र वळणामागून जवळजवळ सपाट पट्टा येतो, गिअर सतत बदलावा लागतो, आणि म्हैसमाळच्या माथ्यावर, गिरिजादेवीच्या मंदिराजवळ, एकदम मोकळे गवताळ पठार लागते. येथील हिरवाई कोकणासारखी बारमाही नाही. साग, धावडा, सालई आणि पळस यांचे हे शुष्क पानझडी रान उन्हाळ्यात पिवळे-तपकिरी असते, आणि जुलैपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंतच धुक्याने, रानफुलांनी व ओहोळांनी भरलेले दिसते. या अल्पायुषी हिरवाईसाठीच हा प्रवास पावसाळ्यात करावा, शेवाळलेले दगड आणि ओले डांबर यांचा धोका पत्करूनही.

तो धोका प्रामुख्याने उतारावर असतो, आणि तेथे ब्रेकचा प्रश्न येतो. साध्या सायकलीचे ब्रेक रबराचे ठोकळे रिमवर दाबतात. रिम चिखलाने माखली की पकड जाते. डोंगरी सायकलीत हबला पोलादी चकती जोडलेली असते, ती जमिनीपासून उंच राहते, आणि तेलाच्या दाबाने सरकणारे पॅड तिला दोन्ही बाजूंनी धरतात, त्यामुळे एका बोटाचा दाबही पुरतो. कन्नडपलीकडच्या औट्रम घाटात या सोयीची किंमत कळते. हा घाट गौताळा औट्रमघाट अभयारण्यातून जातो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीत येथे दरडी कोसळून वाहतूक ठप्प झाली होती, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाट बंद करण्यात आला. अभयारण्यातील वाटांवर वनखात्याचे नियम लागू असल्याने सायकलस्वाराने परवानगी असलेल्या रस्त्यावरच आणि दिवसाउजेडी जावे, कारण हे बिबट्याचे रान आहे आणि २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून चालत आलेला वाघही येथे कॅमेऱ्यात टिपला गेला होता. 

या वाटेवरील गावांत सायकलची दुकाने आहेत आणि तेथील कारागीर वाकडे चाक आरे आवळून सरळ करण्यात तरबेज असतात. तथापि त्यांचा माल मुख्यतः २८ इंची आणि शाळकरी सायकलींचा असतो, २९ इंची ट्यूब, तेलाच्या ब्रेकचे पॅड किंवा बारा चकत्यांच्या उतरंडीवर चालणारी साखळी तेथे मिळेलच असे नाही. म्हणून शहागडहून निघतानाच दोन ट्यूब, साखळीचा जोडदुवा, पॅडची एक जोडी आणि डिरेलरला चौकटीशी धरणारी ॲल्युमिनियमची पट्टी एवढे सामान थैलीत असावे. ही पट्टी मुद्दाम मऊ धातूची केलेली असते, दगडाचा मार बसल्यास चौकटीऐवजी ती वाकावी म्हणून. बहुतेक सायकलींत तिचा आकार वेगवेगळा असल्याने ती ऐनवेळी दुसऱ्या सायकलीची सहसा लावता येत नाही.