सायकलला इंजिन जोडताना

गतवर्षी एका शाळाभेटीच्या वेळी इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी हात गळ्यात बांधून वर्गात बसलेला दिसला. चौकशी करता कळले की, त्याने व त्याच्या थोरल्या भावाने मोडीत निघालेल्या फवारणी पंपाचे इंजिन घरच्या सायकलला जोडले होते. सायकल उत्तम चालली. शाळेकडील उतारावर मात्र ती थांबेना. अखेर हातपंपाच्या ओट्यावर आदळून मुलाचे मनगट मोडले. गुरुजींनी मुलास रागे भरून इंजिन जप्त केले होते. त्यांची कळकळ खरी होती. परंतु त्या मुलाने जे केले ते अर्धे बरोबर होते, आणि कोणते अर्धे बरोबर व कोणते चुकले हे त्यास कोणी सांगितले नव्हते. तेच सांगता यावे म्हणून हा लेख.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, अशी खटपट करणारा मुलगा एका जुन्या परंपरेतला असतो. पॅरिसमधील वेर्नर बंधूंनी 1897 साली सायकलच्या पुढच्या चाकावर इंजिन बसवून ती विक्रीस काढली. इंजिन उंचावर असल्यामुळे ओल्या रस्त्यावर ती गाडी सहज घसरून पडे. 1901 साली त्यांनी इंजिन खाली, पायडलांच्या आसाजवळ आणले आणि तो दोष बराच कमी झाला. आजही मोटारसायकलचे इंजिन बहुधा त्याच जागी असते. अमेरिकेतील मिलवॉकी गावी हार्ले व डेव्हिडसन या तरुण मित्रांनी 116 घन सेंटिमीटरचे इंजिन तयार करून 1903 साली ते सायकलच्या सांगाड्यात बसविले. गावाभोवतालचे चढ त्याला पायडलांच्या साहाय्याशिवाय चढवेनात. तेव्हा त्यांनी मोठे इंजिन केले; परंतु मोठ्या इंजिनाबरोबर सायकलचा सांगाडा टाकून देऊन नवा, जाड नळ्यांचा सांगाडाही केला. या गोष्टीतील दुसरा भाग मुलांना आवर्जून सांगावा, कारण ती मंडळी सहसा पहिलाच भाग लक्षात ठेवतात.

महायुद्धानंतरच्या जपानात, 1946 साली, सोइचिरो होंडा यांनी हामामात्सु येथे सैन्याने टाकून दिलेली बिनतारी यंत्रांच्या जनित्रांची सुमारे पाचशे इंजिने मिळविली व ती सायकलींना जोडून विकली. पेट्रोलची टंचाई होती, म्हणून त्यात टर्पेंटाइन मिसळले जाई. पहिल्या नमुन्याला तेलाची टाकी म्हणून घरातील गरम पाण्याची बाटली वापरली होती, असे सांगतात. आपल्याकडे 1972 साली कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेली 50 घन सेंटिमीटरची लूना याच कुळातली. पायडले असलेल्या त्या गाडीवरून दूरच्या वस्तीशाळा गाठलेले किती तरी जुने शिक्षक असतील.

आता यंत्राकडे वळू. सुदृढ मनुष्य बराच वेळ पायडल मारताना साधारण 75 ते 100 वॅट शक्ती देतो. अगदी लहान इंजिनही एक अश्वशक्ती, म्हणजे 746 वॅट देऊ शकते. म्हणजे सायकलवर एकदम सात-आठ माणसे पायडल मारावयास बसविल्यासारखे झाले! परंतु हे इंजिन फार वेगाने फिरते आणि चाकाला इतका वेग नको असतो. मुलांकडून दोरीने चाकाचा परीघ मोजवून घ्यावा. मोठ्या सायकलचा तो सुमारे 2.2 मीटर भरतो. ताशी 24 किलोमीटर वेगाने सायकल मिनिटाला 400 मीटर जाते, अर्थात चाकाचे सुमारे 182 फेरे होतात. इंजिन मिनिटाला 4,500 फेरे करीत असेल, तर वेग जवळजवळ 25 पटींनी उतरविला पाहिजे. इंजिनाच्या बाजूस 10 दात्यांचे चक्र घेतले तर चाकाच्या बाजूस 250 दात्यांचे लागेल, आणि सायकलच्या साखळीच्या मापाचे तसे चक्र चाकापेक्षाही मोठे होईल. म्हणून हा उतार दोन टप्प्यांत, पाच पट आणि पुन्हा पाच पट असा, करावा लागतो. प्रमाण व त्रैराशिक शिकविण्यास याहून जिवंत उदाहरण क्वचितच सापडेल.

टायरवर रूळ टेकवून चाक फिरविण्याची सोपी रीतही आहे. फ्रान्समधील व्हेलोसोलेक्स या गाडीत ती पुढच्या चाकावर योजलेली होती. पावसात रूळ घसरतो व टायर लवकर झिजतो, एवढे तिचे वैगुण्य. साखळीच्या रीतीत मागच्या चाकाच्या तारांनाच दातेरी चक्र आवळून बसवितात. त्या तारा वजन पेलण्यासाठी असतात, असा झटका सोसण्यासाठी नव्हेत. त्या तुटतात, चक्र तिरके होते, साखळी उतरून चाकात अडकते आणि धावती सायकल जागीच जखडते.

परंतु खरा प्रश्न चालविण्याचा नसून थांबविण्याचा आहे. साध्या सायकलचे ब्रेक माणसाच्या पायाच्या वेगासाठी केलेले असतात. वेग दुप्पट झाला तर थांबावयास दुप्पट अंतर लागेल असे मुलांना वाटते, आणि मोठ्यांनाही वाटते. हे वाटणे खोडून काढण्यास व्याख्यान उपयोगी पडत नाही. मैदानावर प्रयोगच करावा. कोरड्या, सपाट जागी फक्कीने 30 मीटर अंतरावर दोन रेघा आखाव्यात. साधी, इंजिन नसलेली सायकल शिक्षकाने स्वतः चालवावी. हे अंतर 9 सेकंदांत कापले तर वेग ताशी 12 किलोमीटर, साडेचार सेकंदांत कापले तर 24. दुसऱ्या रेघेवर पोहोचताच दोन्ही ब्रेक सारखे, झटका न देता दाबावेत व सायकल जेथे थांबेल तेथवर टेपने मोजावे. ब्रेक बरे असतील तर पहिल्या खेपेस सुमारे दोन मीटर व दुसऱ्या खेपेस सात-आठ मीटर भरतील. अंतर दुप्पट नव्हे, चौपट. आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्यावेत. फक्कीची रेघ आणि आपला अंदाज यांतील फरक मुलगा विसरत नाही.

ताशी 36 किलोमीटरचा प्रयोग करू नये. तो फळ्यावर करावा. स्वार व सायकल मिळून 90 किलोग्रॅम वजन धरले तर ताशी 12 किलोमीटरला गतीची ऊर्जा 500 ज्यूल येते, 36 ला 4,500. ही नऊपट ऊर्जा ब्रेकच्या त्याच चार रबरांनी उष्णतेत जिरवावयाची असते. त्याच हिशेबाने थांबण्यास सतरा मीटरच्या आसपास अंतर लागते. शिवाय संकट दिसल्यापासून हात ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढ्यात गाडी 10 मीटर पुढे गेलेली असते. एकूण 27 मीटर! आपल्या गावातील कोणत्या बोळात वळणापलीकडचे 27 मीटर दिसते? आणि हे कोरड्या दिवसाचे झाले. पोलादी रिंग पावसात भिजली की ब्रेकची पकड निम्म्याहूनही कमी होते.

थरथरीने होणारे नुकसान याच्या खालोखाल. तिच्यामुळे नट सैल होतात, पुढच्या चिमट्याला बारीक चीर पडते आणि ती रंगाखाली दिसत नाही. पुढच्या मडगार्डची तार सुटून चाकात गेली, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. प्लॅस्टिकच्या बाटलीची टाकी करण्याचा मोह मुलांना हमखास होतो. पेट्रोलची वाफ तापलेल्या इंजिनाजवळ जमली म्हणजे काय होते, हे सांगितलेच पाहिजे.

अलीकडे पुष्कळ मुले इंजिनाऐवजी विजेची मोटर शोधतात. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 360 वॅट-तास वीज साठते. किलोमीटरला सुमारे 12 ते 15 वॅट-तास धरल्यास 24 ते 30 किलोमीटरची सोय होते. धूर नाही, आवाज नाही. मात्र जुन्या लिथियम घटांची घरी जुळवाजुळव करू देऊ नये. असे घट ठेचले गेले, त्यांची टोके एकमेकांस भिडली किंवा अयोग्य चार्जरने ते भरले, तर पेट घेतात आणि ती आग सहजी विझत नाही. ब्रेकचा हिशेब येथेही तोच.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, 1988 अन्वये चारपेक्षा कमी चाकांचे व 25 घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाचे वाहन मोटार वाहन मानले जात नाही. विजेच्या सायकलला 250 वॅटहून कमी शक्ती, ताशी 25 किलोमीटरहून कमी वेग व बॅटरी वगळून 60 किलोग्रॅमपर्यंत वजन, या मर्यादांत तशीच सूट आहे. फवारणी पंपाची इंजिने 25 च्या जेमतेम अलीकडे किंवा पलीकडे असतात, गवत कापण्याच्या यंत्राची पुष्कळदा त्याहून मोठी. ती मर्यादा ओलांडली की नोंदणी व परवाना आलाच. 50 घन सेंटिमीटरपर्यंत सोळा वर्षे पूर्ण असावी लागतात, पुढे अठरा. 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाच्या अशा गुन्ह्यास पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास व 25,000 रुपये दंड होऊ शकतो. हे पालकसभेत अवश्य वाचून दाखवावे. आपल्या शाळांतील एकही मूल सोळा वर्षांचे नाही, तेव्हा सूट असो वा नसो, रस्त्यावर असे वाहन चालविण्यास आपण कोणास अनुमती देऊ शकत नाही.

उपरोक्त शाळेतील गुरुजींनी पुढे ते इंजिन मुलास परत दिले, परंतु सायकलवर बसविण्यासाठी नव्हे. सुताराकडून एक भक्कम लाकडी घोडा करवून त्यावर ते उघड्या ओसरीत आवळले, पेट्रोल काढून टाकले आणि दोरीने हाताने फिरवून दट्ट्या कसा वरखाली होतो हे मुलांना दाखविले. दात्यांची गणना त्या मुलानेच केली. मनगट बरे झाल्यावर त्याने प्रथम काय केले असेल, तर आपल्या जुन्या सायकलच्या ब्रेकची चारही रबरे बदलली.