शेवाळाला उपाशी ठेवण्याची साठ वर्षं

१९६०च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या घरगुती समुद्री टाक्यांत शोभेला मेलेली, पांढरीशुभ्र प्रवाळं असत. काही आठवड्यांत त्यांच्यावर तपकिरी, मग हिरवा थर चढे. मग ती उचलायची, ब्लीचमध्ये बुडवायची, उन्हात वाळवायची आणि पुन्हा मांडायची. काही जण तर दोन संच बाळगत. एक टाकीत, दुसरा उन्हात. शेवाळ म्हणजे मळ आणि मळ धुवायचा, एवढाच तेव्हाचा हिशेब. पण वाळूखालून पाणी खेचणारे त्या काळचे फिल्टरच शेवाळाची बेगमी करत होते. वाळूतले जिवाणू माशांनी सोडलेल्या अमोनियाचं नायट्रेट करत आणि ते टाकीत साठत जाई. माशांना ते बऱ्यापैकी सोसे, शेवाळाला मात्र खतच.

जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी १९६१मध्येच निराळी वाट दाखवली होती: समुद्रातून आणलेले जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, बस्स. अशा खडकाच्या आत, प्राणवायू पोचत नाही तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. बर्लिनच्या हौशी मंडळींनी पुढे याच खडकांना प्रोटीन स्किमरची जोड दिली आणि १९८०च्या दशकात ही पद्धत रुळली. स्किमर बारीक फेसावर सेंद्रिय मळ कुजण्याआधीच उचलतो. त्याच्या कपात साठणारं काळपट, उग्र वासाचं पाणी म्हणजे शेवाळाच्या तोंडचा काढलेला घास.

त्याच सुमारास स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी म्हणत होते की शेवाळ वाढू द्या, फक्त आपण सांगू तिथे. त्यांच्या यंत्रात जाळीवरून पाणी खेळतं, वर प्रखर दिवा असतो. जाळीवर दाट शेवाळ धरलं की ते खरवडून फेकायचं. प्रत्येक मुठीबरोबर नायट्रेट-फॉस्फेटही बाहेर. १९८२मध्ये त्याचं पेटंट निघालं.

शेवाळ पाळण्याच्या या कल्पनेला एक गालबोट लागलं. मत्स्यालयांत लोकप्रिय असलेलं कॉलर्पा टॅक्सिफोलिया १९८४मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात उगवलेलं आढळलं आणि भूमध्य समुद्रात पसरत गेलं. २०००मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडलं. तिथे ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते मारावं लागलं. उच्चाटन झाल्याचं २००६मध्ये जाहीर झालं. आता घरोघरी त्याच्या जागी किटोमॉर्फा या शेवाळाचा हिरवा गुंता दिसतो.

२०००नंतर उपासमारीचा जोर वाढला. फॉस्फेट शोषणारे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे आले. जिवाणूंनी वाढून नायट्रेट खावं म्हणून पाण्यात थेंबथेंब व्होडकाही पडू लागली. टेस्ट किट शून्य दाखवू लागलं आणि कित्येक टाक्यांत नवंच संकट उभं राहिलं. खडकांवर तपकिरी, चिकट तारा. प्रत्येकीच्या टोकाला हवेचा बुडबुडा. पुसलं तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा हजर. हे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव. त्यांच्यातल्या विषारी जाती खाऊन गोगलगायी मरतात. शेवाळ आणि जिवाणू उपासाने हटले की मोकळी जागा यांना मिळते. त्यामुळे ज्यांनी वर्षानुवर्षं नायट्रेट काढलं, तेच आता बाटलीतून ते मोजून घालतात.

खुद्द समुद्राने दुसरी बाजूही दाखवली होती. १९८३-८४मध्ये कॅरिबियनमधले लांब काट्यांचे सी-अर्चिन रोगाने मेले, नव्वद टक्क्यांहून अधिक. जमैकाच्या प्रवाळांवर शेवाळ माजलं, कारण ते चरणारं कोणी उरलं नव्हतं. टाकीतही खत तोडण्याइतकंच महत्त्व शेवाळ चरणाऱ्या टँग माशांना आणि गोगलगायींना आहे, हे त्यातून पटतं.

म्हणून आजचा जाणता माणूस नव्या टाकीत हिरवा थर दिसला की दुकानातली शेवाळनाशकाची बाटली शोधण्याआधी तीन गोष्टी विचारतो: नायट्रेट किती, फॉस्फेट किती आणि खाणारी तोंडं किती.