एका टेफ्लॉनच्या वॉशरची करामत

मिलानच्या ला पावोनी कंपनीचं 'युरोपिकोला' हे एस्प्रेसो यंत्र 1961 साली बाजारात आलं आणि फारसा चेहरा न बदलता आजही बनतं आहे. 1973 च्या 'लिव्ह अँड लेट डाय' या चित्रपटात रॉजर मूरचा जेम्स बाँड आपल्या स्वयंपाकघरात ज्याच्याशी खटपट करतो, ते हेच. पंप नाही, स्क्रीन नाही. जेमतेम पाऊण लिटर पाणी मावणारा क्रोम चढवलेला पितळी बॉयलर, त्याला पुढे जोडलेला पितळेचाच जाड 'ग्रुप' आणि त्यातल्या पिस्टनला लावलेला लांब दांडा. दांडा वर उचलला की पिस्टन वर सरकतो आणि बॉयलरमधलं गरम पाणी आपल्याच दाबाने खालच्या पोकळीत शिरून कॉफीची पूड भिजवतं. मग दांडा खाली ओढायचा.

ओढताना हातात येणारी ताकद चक्रावून टाकणारी आहे. एस्प्रेसोला साधारण 9 बार दाब लागतो, असं मानतात. 2000 सालापर्यंतच्या युरोपिकोलातली पूड भरायची वाटी 49 मिलिमीटर व्यासाची. हिशेब केला, तर त्या चिमूटभर पुडीवर सुमारे 170 किलोंचा भार पडतो. दोन धडधाकट माणसं तिच्यावर उभी राहिल्यासारखंच! तरफेचा नियम आपण शाळेत घोकला, पण तो मनगटाला जाणवतो तो इथे.

पण या यंत्राच्या वेड्यांना रात्री जागवते ती ताकद नव्हे, उष्णता.

कॉफीच्या पुडीला हवं असतं 90 ते 95 अंशांचं पाणी. बॉयलरमधलं पाणी मात्र असतं 117 अंशांच्या आसपास, कारण तिथे वातावरणापेक्षा 0.8 बार जास्त दाब कोंडलेला असतो. घरच्या प्रेशर कुकरचाच हा मामला. मग बॉयलरचं तापमान कमी का करू नये? कारण वाफेचा दाब आणि तिचं तापमान यांची गाठ निसर्गानेच मारलेली आहे. पाणी 93 अंशांवर आणलं, तर दाबच उरत नाही. मग पाणी पिस्टनखाली ढकलणार कोण, आणि दूध फेसाळणार कशाने? म्हणजे या यंत्राला दोन तापमानं हवीत आणि शेगडी एकच आहे. यावर इटालियन तोडगा असा की मधला पितळेचा जड ग्रुप थंड राहील, पाण्यातली वीस-पंचवीस अंशांची उष्णता गिळेल आणि पाणी पुडीपर्यंत पोचताना बरोबर हवं तेवढं निवेल. थर्मोस्टॅटचं काम धातूचं वजनच करतं. मला तरी हे या यंत्रातलं सर्वांत देखणं कसब वाटतं.

देखणं, पण अल्पजीवी. पितळ उष्णता गिळतं तसं स्वतः तापतही जातं. पहिला कप छान, दुसरा बरा आणि तिसरा करपट, कडू. घरी चार पाहुणे आले की युरोपिकोलाच्या मालकाचा चेहरा का उतरतो, ते यावरून कळावं.

इथून पुढे हौशी मंडळींचे पाने आणि पेचकस बाहेर येतात. बहुतेक यंत्रांत ग्रुप बॉयलरला दोन बोल्टांनी आवळलेला असतो. बॉयलरची उष्णता पितळातून पितळात वाहते ती याच सांध्यावाटे. या सांध्यात टेफ्लॉनची, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं त्याच पदार्थाची, पातळ चकती बसवायची. पितळ जितक्या सहज उष्णता वाहून नेतं, त्याच्या सुमारे चारशेव्या हिश्श्यानेच टेफ्लॉन नेतं. एवढ्याशा वॉशरने वाट अडते आणि तिसरा कप पिण्याजोगा होतो. पूर्ण मात्र अडत नाही. पोलादी बोल्ट थोडी उष्णता पळवतातच, शिवाय प्रत्येक कपासाठी येणारं पाणी ग्रुपला तापवत राहतं. आणि आता उलटी पंचाईत होते. सकाळी यंत्र लावल्यावर ग्रुप लवकर तापतच नाही, पहिला कप आंबट उतरतो. म्हणून पूड भरण्याआधी रिकामाच दांडा हलवून गरम पाणी फिरवून घ्यावं लागतं.

पिस्टनवरून तर दोन तट पडले आहेत. 2000 नंतरच्या कित्येक यंत्रांत तो प्लॅस्टिकचा असतो आणि तो काढून पितळी किंवा स्टीलचा बसवणं हा फार लोकप्रिय बदल आहे. धातू टिकतो, हाताला भरीव लागतो, हे खरं. पण ज्या यंत्राचं मुख्य दुखणं साठून राहणारी उष्णता आहे, त्याच्या पोटात आणखी पितळ भरायचं? माझं मत प्लॅस्टिकच्या बाजूने. स्वस्त दिसतं म्हणून ते बदनाम आहे एवढंच.

ग्रुप किती तापला हे कळायला त्यावर रंग बदलणारी तापमानपट्टी चिकटवतात. काही रुपयांत मिळणाऱ्या या पट्टीमागचा द्रव-स्फटिकांचा शोध 1888 चा, आणि लावणारा फ्रीडरिश रायनित्सर हा प्रागमधला वनस्पतिशास्त्रज्ञ! गाजरातल्या कोलेस्टेरॉलच्या नात्यातला एक पदार्थ वितळवताना तो दोनदा वितळतोय असं त्याला दिसलं. आज त्याच्या त्या विचित्र निरीक्षणाचा वंशज मिलानच्या यंत्राला चिकटून सांगतो: थांब, अजून घाई करू नकोस.

दुसरी जोडणी म्हणजे पिस्टनच्या दांडीवर बसणारा दाबमापक. तो लावेपर्यंत माणूस अंदाजाने ओढत असतो. लावल्यावर काटा हाताचं गुपित फोडतो. सुरुवातीला सहा, मग नऊ, मग नकळत हात सैल पडून पाच. आता सैल पडणं वाईटच, असं वाटेल. पण आकिले गाज्जियाने 1940 च्या दशकात मिलानमध्ये स्प्रिंगची यंत्रं आणली, तेव्हा त्यांची स्प्रिंगही सुटताना अशीच हळूहळू ढिली पडायची. उतरत्या दाबाची ती कॉफी लोकांना आवडली आणि कपावरचा सोनेरी 'क्रेमा' तेव्हापासून एस्प्रेसोची ओळख झाला. हा क्रेमा म्हणजे दाबाखाली विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. बाहेर पडताच तो सुटतो आणि कॉफीतल्या तेलांसह त्याचे सूक्ष्म बुडबुडे बनतात. पुडीचा पाण्याला होणारा विरोध शेवटी शेवटी कमी होत असल्याने हलका होत जाणारा हात तिला मानवतो. आता महागडी विद्युत यंत्रं मोटर आणि संगणकचिप लावून हाच उतार काढतात.

एका भागाला मात्र हात लावायचा नाही: बॉयलरवरच्या सुरक्षा झडपेला. तिची स्प्रिंग आवळून दाब वाढवणारे महाभाग आहेत. त्यातून कॉफी सुधारत नाही, फक्त पाणी आणखी तापतं, म्हणजे मूळ रोगच वाढतो. आणि कप भरल्यावर पोर्टाफिल्टर, म्हणजे पुडीची वाटी धरणारी मूठ, लगेच फिरवून काढायचा नाही. पिस्टनखाली दाब अजून शिल्लक असतो, आणि घाई केली तर गरम ओली पूड भिंतीपासून छतापर्यंत उडते. अर्धं मिनिट थांबावं, पोकळीतला उरलासुरला दाब ओसरू द्यावा, मग हळूच फिरवावं.