घाटातला चकवा आणि खवीस

पूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीनं पनवेलच्या बंदरात उतरायचा. पुढं बैलगाडी नाहीतर पायपीट, आणि खोपोलीनंतर बोरघाटाची चढण. १८३० साली घाटात गाडीरस्ता झाला, पण अंधार पडला की भीती तीच. घाटातली भुतं आमच्या पनवेलला यायची, ती या वाटसरूंच्या तोंडून.

त्यातला चकवा सर्वांच्या ओळखीचा. तो दिसत नाही, मारत नाही. फक्त वाट विसरायला लावतो. रात्रभर चालावं आणि पुन्हा त्याच झाडाखाली यावं! जुनी माणसं उपाय सांगत : आहात तिथंच बसा, उजाडू द्या. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही जणांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य-चंद्र दिसेनासे झाले, की माणसं नकळत गोल फिरून आपल्याच वाटेवर येत. म्हणजे चकवा खरा आणि उपायही खरा. कड्याच्या वाटेवर अंधारात जो बसून राही, तो वाचे.

दुसरा खवीस. शाळेतल्या पोरांनी मला सांगितलं होतं, 'खवीस म्हणजे मेलेल्या मुसलमानाचं भूत.' अब्बांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी रडत घरी आलो. आजी म्हणाली, 'बाळा, आपला माणूस कयामतपर्यंत कबरीत असतो. भटकतो तो जिन.' पुढं बी.ए.ला असताना समजलं, शब्द अरबी 'खबीस'वरून आलेला. अर्थ एवढाच, दुष्ट, नापाक. त्यात ना जात, ना धर्म. मग मी विचारत सुटलो. खवीसाची जात गावोगाव बदलते. मात्र तो सांगणाऱ्याच्या जातीतला सहसा नसतो. वाटेत मेलेला अनोळखी माणूस कुणाचा, त्याचं क्रियाकर्म कुणी करायचं, हा प्रश्न गावाला पडत असावा. उत्तर नसलं, की त्याचा खवीस व्हायचा.

बोरघाटात अशी माणसं थोडी मेली नाहीत. १८५६ ते १८६३ या काळात इथं रेल्वेचा मार्ग बांधला गेला. पटकी, ताप आणि अपघात यांत हजारो मजूर गेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याच्या पत्नीनं, अ‍ॅलिसनं, काम पुढं नेलं. त्या दोघांची नावं इतिहासात आहेत. मजुरांची कुणी लिहून ठेवली?

लोकांनी एक नाव तेवढं राखलं, शिंग्रोबा धनगराचं. साहेबाला घाटातली वाट त्यानं दाखवली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितलं, तेव्हा त्याला गोळी घातली, असं सांगतात. कागदोपत्री पुरावा मागू नये. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे. ड्रायव्हर तिथं गाडी हळू करतात, खिडकीतून नाणं टाकतात.

मीही टाकतो. आजीला हे कधी सांगितलं नाही.