नव्या टाकीतले शेवाळ: औषध नको, हिशोब हवा

खान्देशातल्या मुलांना समुद्र सहज दिसत नाही. म्हणून घरातच खाऱ्या पाण्याची टाकी असावी, तिच्यात केशरी-पांढरा क्लाउनफिश, म्हणजे मुलांचा ‘नीमो’, पोहावा, ही हौस आपण समजू शकतो. टाकी, दिवे, पंप आणि मीठ यांवर बराच खर्च होतो. पण महिना-दीड महिन्यात पांढरी वाळू तपकिरी पडते आणि दगडांवर हिरवे केस उगवतात. मग कोणी औषध ओततो, कोणी सगळे पाणी एकदम बदलतो आणि त्यात मासे जातात.

खरे तर नव्या टाकीत शेवाळ येणे हा रोग नाही. पहिली तपकिरी साय डायटम नावाच्या सूक्ष्म जीवांची असते. पाण्यातले सिलिकेट संपले की ती बहुधा आपोआप ओसरते. हिरवे शेवाळ मात्र मुक्काम करते, कारण त्याला फॉस्फेट मिळत राहते. रावेर-यावलच्या केळीला आपण फॉस्फरसचे खत मुद्दाम देतो. टाकीत तेच खत आपल्या हातून नकळत पडते. ते कुठून येते, एवढे शोधायचे.

पहिली वाट पाण्याची. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि टाकीला तर २५ ते २७ अंश हवेत. त्यासाठी पाण्यावर पंखा लावला की पाणी झपाट्याने उडते. पण उडते ते फक्त पाणी. क्षार आणि फॉस्फेट मागे राहतात. तूट नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरली, तर ते रोज थोडे थोडे साचते. म्हणून तूट आरओच्या बिनमिठाच्या पाण्यानेच भरावी. घरातल्या अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळतात. ते पिण्यास ठीक, टाकीला नाही. टीडीएस मीटरवर आकडा शून्याच्या जवळ हवा. आरओतून बाहेर पडणारे पाणी फरशी पुसायला वापरावे, म्हणजे इसराफ होणार नाही.

दुसरी वाट खाद्याची. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. गोठवलेले खाद्य आधी वितळवून, गाळणीत धुऊन मगच टाकावे. घरात खाऊ घालण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे. ईदला आलेली पाहुण्यांची मुले प्रत्येकी चिमूट टाकतात, तेव्हा डबा कपाटात ठेवलेला बरा.

तिसरी वाट दगडांची. चुनखडीचे कोरडे दगड फॉस्फेट शोषून ठेवतात आणि महिनोन्‌महिने सोडत राहतात. इथे सबुरी हाच उपाय आहे. दगड मानवनिर्मितच घ्यावेत. खरे प्रवाळ, जिवंत असो वा वाळलेले, दुकानात दिसले म्हणून आणू नये. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. मासेही पैदास केंद्रातले मागावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास आपल्या देशात यशस्वी केली आहे.

चाचणी संचाने फॉस्फेट मोजावे. लिटरला ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम चालते. शेवाळ दाट असताना आकडा शून्य आला, तर फसू नये. फॉस्फेट शेवाळाच्या पोटात गेलेले असते. आणि ते खरोखरच शून्यावर नेणेही घातक, कारण मग त्याहून चिवट जीव जागा घेतात. लोहयुक्त फॉस्फेटशोषक वापरायचेच, तर अगदी थोड्यापासून सुरुवात करावी.

बाकी काम हातांचे आहे. आठवड्याला जुन्या दातांच्या ब्रशने शेवाळ खरवडून बाहेर काढावे. त्याबरोबर खाल्लेले फॉस्फेटही बाहेर जाते. मग १० टक्के पाणी बदलावे, पण नवे पाणी आदल्या दिवशी मीठ मिसळून, त्याच तापमानाचे करून. दिवे आठ तासच लावावेत. टाकी स्थिरावल्यावर दोन-चार समुद्री गोगलगायी सोडाव्यात. ब्रश किंवा काच साबणाने कधीही धुऊ नये.

टाकी स्थिर व्हायला सहा महिनेही लागतात. तेवढा धीर नसेल, तर टाकी आणूच नये असे आम्ही म्हणू. मुका जीव काचेत बंद केला की त्याचे पाणी, त्याचे अन्न आणि त्याचा उन्हाळा आपल्याकडे अमानत असतो.