ईश्वर, धर्म आणि सदस्यत्व : शासन-अनुदानित युवक संघटनांतील वचनाचा प्रश्न

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर काळात विद्यार्थ्यांच्या चारित्र्यविकासासाठी राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना आणि स्काऊट-गाईड चळवळ ही तीन माध्यमे शाळा-महाविद्यालयांत रुजली. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ च्या कायद्याने अस्तित्वात आली. राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत झाला. स्काऊट-गाईड ही मूलतः स्वयंसेवी चळवळ असली तरी केंद्र व राज्य शासनाचे अनुदान आणि शिक्षण विभागाचे सहकार्य यांच्या आधारावर ती उभी आहे. छात्रसेना व सेवा योजना यांच्या प्रवेशासाठी कोणत्याही श्रद्धेची अट नाही. स्काऊट-गाईडच्या वचनात मात्र ईश्वराप्रती कर्तव्याचा उल्लेख आहे आणि हे वचन घेतल्याखेरीज सदस्यत्व पूर्ण होत नाही. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संघटनेत असा उल्लेख सदस्यत्वाची अट ठरतो काय आणि ठरत असल्यास त्यावर उपाय कोणता, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वचनाचे स्वरूप व पार्श्वभूमी

बेडन पॉवेल यांनी १९०७-०८ मध्ये इंग्लंडमध्ये या चळवळीचा पाया घातला. भारतात ती १९०९ मध्ये आली. परंतु प्रारंभी तिची दारे युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच उघडी होती. भारतीय मुलांना वगळणाऱ्या या धोरणाला उत्तर म्हणून ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रास येथे स्वतंत्र संघटना काढली. पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांच्या पुढाकाराने अलाहाबाद येथे सेवा समिती स्काऊट संघटना उभी राहिली. म्हणजे ‘कोणाला प्रवेश आणि कोणाला नाही’ हा प्रश्न भारतातील स्काऊट चळवळीच्या जन्मापासूनच तिच्याशी निगडित आहे. स्वातंत्र्यानंतर विविध संघटनांचे विलीनीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली. मूळ, वंश वा पंथ असा भेद न करता सर्वांना खुली असलेली चळवळ, अशी ती स्वतःची व्याख्या करते.

याच संस्थेच्या वचनात ईश्वर व देश यांच्याविषयीचे कर्तव्य, इतरांना साहाय्य आणि स्काऊट नियमांचे पालन अशी तीन अंगे आहेत. त्यांपैकी पहिल्या अंगाला नियमावलीत एक टीप जोडलेली आहे. इच्छा असल्यास ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘धर्म’ हा शब्द योजता येतो. वरवर पाहता ही टीप किरकोळ वाटते. प्रत्यक्षात संपूर्ण प्रश्नाची किल्ली तिच्यातच आहे. ईश्वर न मानणारी व्यक्तीही या चळवळीत येऊ शकते, हे तत्त्व संस्थेने स्वतःच त्या टिपेद्वारे मान्य केलेले आहे.

वऱ्हाडातील संदर्भ

अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडसारख्या मोठ्या गावातील शाळेचा विचार केल्यास हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. वऱ्हाडातील वर्गात हिंदू, मुस्लिम आणि बौद्ध मुले एकाच बाकावर बसतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याच्या निर्धाराने होते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात तर त्यांनी धर्म आणि धम्म यांत स्पष्ट भेद केला आहे : धर्म ही वैयक्तिक बाब, तर धम्म मूलतः सामाजिक. अशा कुटुंबातील मुलाने ईश्वराप्रती कर्तव्याचे वचन उच्चारावे, ही अपेक्षा त्याच्या घरच्या संस्काराशी विसंगत ठरते. जैन विचारातही सृष्टिकर्त्या ईश्वराला स्थान नाही.

‘धर्म’ या पर्यायी शब्दाने अडचण बऱ्याच अंशी दूर होते, पण पूर्णतः नाही. जैन विद्यार्थ्याला तो सहज स्वीकारता येईल. बौद्ध विद्यार्थ्याला त्यात ‘धम्म’ हा अर्थ भरता येईल. मुस्लिम व ख्रिस्ती विद्यार्थ्यांना मूळ ‘ईश्वर’ हा शब्द आपापल्या श्रद्धेनुसार समजून घेता येतो. मात्र कोणताही धर्म न मानणाऱ्या घरातील मुलाला दोन्ही शब्द सारखेच परके राहतात. महाराष्ट्रात विवेकवादी विचाराची परंपरा जुनी असल्याने अशी घरे काल्पनिक नाहीत. महात्मा फुले यांनी रूढ देवनामे टाळून ‘निर्मिक’ हा शब्द योजला, यावरून या प्रांतात श्रद्धेच्या शब्दांची निवड किती गांभीर्याने केली गेली आहे, हे ध्यानात येते.

येथे एक आक्षेप संभवतो. चळवळ ऐच्छिक आहे. ज्याला वचन मान्य नाही त्याने येऊ नये. परंतु सदस्यत्वाबरोबर काही सार्वजनिक लाभही येतात. प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान या पायऱ्या ओलांडून विद्यार्थी राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत पोहोचतो. रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडसाठी स्वतंत्र कोटा आहे. ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे लाभ क्षुल्लक नाहीत. ज्या दारातून सार्वजनिक नोकरीची वाट जाते, त्या दारावर श्रद्धेची कसोटी असू नये.

संविधानाची भूमिका

संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. अनुच्छेद २८ (१) नुसार पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुच्छेद २८ (३) नुसार राज्याने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या संस्थेतील कोणालाही धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही. व्यक्ती अज्ञान असल्यास पालकाची संमती आवश्यक असते. स्काऊट वचन हे काटेकोर अर्थाने धार्मिक शिक्षणही नव्हे आणि उपासनाही नव्हे. शिबिरातील सर्वधर्म प्रार्थनेला अनुच्छेद २८ (३) लागू होऊ शकेल. वचनाच्या बाबतीत मात्र अनुच्छेद २५ अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण येथे प्रश्न स्वतःच्या तोंडून श्रद्धा व्यक्त करण्याचा आहे.

या संदर्भात संविधान सभेतील एक प्रसंग अत्यंत उद्बोधक आहे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी एच. व्ही. कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा, अशी दुरुस्ती मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. विरोध करणाऱ्यांत पंडित हृदयनाथ कुंझरू होते. ते नास्तिक म्हणून विरोध करीत नव्हते. माणसाच्या अंतरंगातील पवित्र भावना सामूहिकरीत्या इतरांवर लादली जाऊ नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हेच कुंझरू पुढे भारत स्काऊट्स आणि गाईड्सचे पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले. त्यामुळे वचनात पर्याय असणे हे चळवळीच्या भारतीय परंपरेला सोडून नाही, उलट तिला धरूनच आहे.

संविधानाने स्वतःच्या शपथांतही हेच तत्त्व पाळले. तिसऱ्या अनुसूचीनुसार मंत्री वा संसद सदस्य ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो. दोहोंचे मूल्य समान आहे. देशाच्या मंत्र्याला जो पर्याय उपलब्ध आहे, तो दहा वर्षांच्या मुलाला नाकारण्याचे कारण दिसत नाही.

न्यायालयीन निर्णय

स्काऊट वचनाशी थेट संबंधित नसले तरी काही निर्णय येथे मार्गदर्शक ठरतात. बिजो इमॅन्युएल खटल्यात (१९८६) राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहणाऱ्या, पण धार्मिक श्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या केरळमधील तीन मुलांना शाळेतून काढून टाकणे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. या मुलांनी शिस्तभंग केला नव्हता, शांतपणे उभे राहून फक्त उच्चार टाळला होता, ही बाब महत्त्वाची आहे. नाशिकमधील एका शिक्षकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती अमान्य केली. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने, कोणताही धर्म न मानण्याचा अधिकारही अनुच्छेद २५ मध्ये अंतर्भूत आहे आणि शासन कोणावरही धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही, असा निर्णय दिला. या निर्णयांचा एकत्रित अर्थ असा की, श्रद्धेचा उच्चार मागता येतो, पण त्याची सक्ती करता येत नाही.

परदेशातील अनुभव

अमेरिकेतील तेव्हाच्या बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका या संघटनेने ईश्वराचा उल्लेख सोडण्यास नकार दिला. १९९३ मध्ये तेथील संघीय अपील न्यायालयाने तिला तसा अधिकार असल्याचे मान्य केले. मात्र २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, भेदभाव न करण्याची हमी न देणाऱ्या सागरी स्काऊट पथकाची नौकातळावरील मोफत सवलत काढून घेण्याचा बर्कले शहराचा अधिकार उचलून धरला. खासगी संघटनेला आपले नियम ठरविता येतात, पण त्या नियमांसाठी सार्वजनिक साहाय्य हक्काने मागता येत नाही, असे या दोन निर्णयांतून दिसते. ब्रिटनने वेगळी वाट धरली. तेथील गर्ल गाईड संघटनेने २०१३ मध्ये सर्वांसाठी वचनातील ईश्वराचा उल्लेख बदलला. स्काऊट संघटनेने मूळ वचन कायम ठेवून श्रद्धा नसलेल्यांसाठी पर्यायी वचन दिले. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीशी हा दुसरा मार्ग अधिक जवळचा आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, भारतात स्काऊट वचनातील ईश्वराचा उल्लेख अपरिहार्य अट नाही. परंतु पर्यायाची माहिती सदस्यापर्यंत पोहोचली नाही तर तो व्यवहारात अटच बनतो. दीक्षाविधीच्या दिवशी ध्वजासमोर डावा हात ठेवून उभा असलेला विद्यार्थी शब्द बदलून मागण्याची शक्यता फारच कमी असते. म्हणून हा पर्याय विधीपूर्वी, सर्व विद्यार्थ्यांना एकत्रितपणे आणि पालकांनाही सांगितला गेला पाहिजे. त्याची निवड करणाऱ्याला वेगळे उभे करू नये. नियमावलीतील टिपेला वचनाच्या मुख्य मजकुरात स्थान मिळावे आणि तिसऱ्या अनुसूचीच्या धर्तीवर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेचा तिसरा पर्यायही असावा.

महाविद्यालयातील रोव्हर-रेंजर पथकांचे प्रमुख, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आणि छात्रसेनेचे अधिकारी यांच्यावर या बाबतीत विशेष जबाबदारी येते. सेवा योजनेच्या शिबिरात नियमाने धार्मिक अट नसली तरी सकाळच्या प्रार्थनेची उपस्थिती हजेरीपटाला जोडली गेली, की न लिहिलेली अट तयार होते. प्रार्थना असावी की नसावी, हा वाद येथे अभिप्रेत नाही. ती हजेरीपासून आणि गुणांकनापासून अलग असावी, एवढेच अपेक्षित आहे. वचनाचे मूल्य ते मनापासून दिले जाण्यात असते. मनात नसलेला शब्द मुलाकडून वदवून घेतल्यास विश्वसनीय असण्याचा पहिला स्काऊट नियमच त्या मुलाला मोडावा लागतो.